अठ्ठेचाळीस सेकंदांचा फोन

१

मंगळवारी दुपारी दोन वाजता वॉर्ड चारमधल्या सुताराचं हृदय अडखळायला लागलं. उलट्यांनी बेजार होऊन तो आदल्या दिवशी भरती झाला होता. रक्तातलं पोटॅशियम घसरलं होतं, म्हणून ते सलाइनमधून देणं चालू होतं. राउंडला आलेल्या डॉक्टरांनी मॉनिटर पाहिला आणि स्वतःच्या हाताने सलाइन बंद केलं. पोटॅशियम आता नको तितकं वर गेलं होतं. सुताराला अतिदक्षता विभागात हलवलं. तो वाचला, पण थोडक्यात.

ही गोष्ट लॅबला दीड तासापूर्वीच कळली होती. लॅबमधल्या तंत्रज्ञ मुलीने बारा वाजून बावीस मिनिटांनी वॉर्ड चारला फोन केला होता. एक्स्चेंजच्या नोंदीत तो होता: उचललेला, अठ्ठेचाळीस सेकंदांचा. मुलगी म्हणत होती, मी सगळं सांगितलं आणि सिस्टरने 'हो' म्हटलं. सिस्टर म्हणत होती, फोन आला, पण त्यातून एक अक्षर ऐकू आलं नाही.

सिस्टरला घरी बसवलं गेलं. शुक्रवारी चौकशी ठरली.

बुधवारी सकाळी तळमजल्यावरच्या शिवणकाम करणाऱ्या काकू जिना चढून टेलिफोनमावशींच्या दारात आल्या. मावशींनी एकतीस वर्षं टेलिफोन खात्यात काढली होती. आधी तांब्याच्या तारा, मग केबल, मग कॉम्प्युटरवरून चालणारे फोन. निवृत्त झाल्या तरी कुणाचा फोन रुसला की लोक त्यांनाच गाठत, आणि इमारतीतली सगळी मुलं-माणसं त्यांना त्याच नावाने ओळखत.

काकू खुर्चीच्या कडेला बसल्या. गळ्यातली मोजपट्टी काढायचीही त्यांना आठवण राहिली नव्हती.

"लॅबमधली ती मुलगी माझी," त्या म्हणाल्या.

"ठाऊक आहे."

"आणि वॉर्डातली सिस्टर माझी सून."

मावशींनी हातातला चहाचा कप खाली ठेवला. हे मात्र त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. हॉस्पिटलमध्ये दोघी एकमेकींना नावानेही हाक मारत नसत, त्यामुळे कालपर्यंत फारशा कुणालाच ते माहीत नव्हतं.

"लोक म्हणतात, नणंद-भावजयीचं वाकडं आहे म्हणून एकीने दुसरीला अडकवलं," काकू म्हणाल्या. "वाकडं आहे, ते मी कशाला लपवू? तीन आठवडे घरात बोलणं बंद आहे. माझ्या डोळ्याच्या ऑपरेशनला रजा कुणी घ्यायची, यावरून. ही म्हणते तिने कबूल केलं होतं, ती म्हणते हिने. पण मावशी, माझी मुलगी खोटं बोलत नाही. आणि सून दहा वर्षं माझ्या घरात आहे, तीही खोटं बोलत नाही. मग खोटं बोललं कोण?"

२

लॅब हॉस्पिटलपासून दोन किलोमीटरवर होती. आधी ती स्वतंत्र होती. सहा महिन्यांपूर्वी हॉस्पिटलच्या ट्रस्टने ती आपल्यात सामावून घेतली आणि दोन्हीकडचे फोन एकमेकांना जोडले. तेव्हापासून तीन आकडे दाबले की लॅबमधून वॉर्ड आणि वॉर्डातून लॅब.

हॉस्पिटलच्या अधीक्षिका मावशींना जुन्या एक्स्चेंजच्या दिवसांपासून ओळखत होत्या. "विचारा कुणालाही काहीही," त्या म्हणाल्या. "फक्त शुक्रवारच्या आत."

तंत्रज्ञ मुलगी दुसऱ्या मजल्यावरच्या टेबलाशी नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होती. डोळे सुजलेले होते, पण हात चुकत नव्हता.

"जसं घडलं तसं सांग," मावशी म्हणाल्या. "शब्दाला शब्द."

"रिपोर्ट आला. आकडा फार वर होता. लगेच फोन लावला. तिकडून 'हॅलो, वॉर्ड चार' असं आलं. वहिनीचाच आवाज. मी म्हटलं, 'सात नंबर बेडच्या पेशंटचं पोटॅशियम फार वाढलंय, सलाइन लगेच बंद करा.'"

"वहिनी म्हटलंस?"

"नाही." तिने मान खाली घातली. "कामाचा फोन होता."

"मग?"

"मग ती 'हॅलो, हॅलो' म्हणाली. मला वाटलं वॉर्डात गडबड असेल, नीट ऐकू गेलं नसेल. म्हणून मी सगळं पुन्हा सांगितलं, जरा मोठ्याने. थोडा वेळ काहीच नाही. मग ती म्हणाली, 'हो, बंद करते.' आणि फोन ठेवला."

"नक्की हेच? 'हो, बंद करते'?"

"मावशी, मी रोज कानात प्राण आणून आकडे ऐकते. ती 'हो, बंद करते' म्हणाली."

मावशींनी वहीत दोन गोष्टी टिपल्या: दुसऱ्यांदा सांगितलं, मोठ्याने. आणि त्याखाली: उत्तर उशिरा आलं.

"तिने खरंच असं म्हटलं असेल," मुलगी हळूच म्हणाली, "तर मग तिने सलाइन बंद का नाही केलं?"

३

सिस्टर घरी भाजी निवडत होती. दहा वर्षांत कामाच्या दिवशी दुपारी ती या वेळी घरी नव्हती. भाजीची देठं तिने एकसारखी कापून ओळीत लावली होती.

"फोन वाजला," ती म्हणाली. "मी उचलला. 'हॅलो, वॉर्ड चार' म्हटलं. पलीकडे काही नाही. खरखरसुद्धा नाही. मी दोनदा हॅलो हॅलो केलं. शेवटी ठेवला."

"अठ्ठेचाळीस सेकंद लागले त्याला."

"रिसिव्हर खांद्यात धरला होता. हात मोकळे नव्हते, टेबलाशीच बसवलेल्या एका पेशंटची पट्टी बदलत होते. शेजारी नातेवाईक उभे होते, काहीबाही विचारत होते. कोणीतरी बोलेल म्हणून धरून ठेवला."

"तू 'हो, बंद करते' असं म्हणालीस?"

सिस्टरने मावशींकडे पाहिलं. "कशाला म्हणेन? मला कुणी काही सांगितलंच नव्हतं."

"फोनच्या पडद्यावर नंबर दिसतो. लॅबचा होता."

"हो."

"मग उलटा फोन का नाही केलास?"

सिस्टरने हातातलं देठ ओळीत लावलं. आतल्या खोलीत काकूंची शिलाई मशीन चालता चालता थांबली.

"मला वाटलं, तीच असेल," सिस्टर शेवटी म्हणाली. "माझा आवाज ऐकला आणि बोलली नाही. घरात नाही का बोलत, तसं. दुसऱ्या कुणी फोन उचलेल म्हणून पुन्हा करेल, असं वाटलं. माझ्या डोक्यात राग होता, मावशी. मी उलटा फोन केला नाही. हे मी चौकशीत सांगितलं, तर नोकरी जाईल. आणि नाही सांगितलं, तर झोप."

मावशी निघाल्या. जिन्यात थांबून त्यांनी वही उघडली. एकीने दोनदा सांगितलं होतं आणि दुसरीने दोनदा हॅलो म्हटलं होतं. ते एक 'हो, बंद करते' सोडलं, तर दोन्ही बाजू टाक्याला टाका जुळत होत्या. खोटं बोलणारी माणसं इतकी जुळवून बोलत नाहीत, निदान तीन आठवडे अबोला धरलेली तरी नाहीत.

तेवढ्यात त्यांच्या मोबाइलवर तंत्रज्ञ मुलीचा फोन आला. "मावशी, इथे एक विचित्र झालंय. बर्फकाकांना माझे शब्द माहीत आहेत. जसेच्या तसे. आणि त्यांना ते माहीत असण्याचं काही कारणच नाही."

४

बर्फकाका लॅबच्या तळघरातली थंड खोली सांभाळत. उन्हाळ्यातही अंगात लोकरीचा कोट असायचा म्हणून त्यांना ते नाव पडलं होतं. थंड खोलीचं दार चार बोटं जाडीचं होतं, आणि तंत्रज्ञ मुलीचं टेबल तिथून तीन मजले वर.

सकाळी चहाच्या वेळी कुणीतरी म्हणालं होतं की मुलीने फोन केलाच नसेल. तेव्हा काका तावातावाने बोलून गेले, "केला होता. 'सात नंबर बेडच्या पेशंटचं पोटॅशियम फार वाढलंय, सलाइन लगेच बंद करा.' हेच शब्द." आणि सगळे त्यांच्याकडे बघत राहिले. आता लॅबभर कुजबुज चालू होती की काका फोन चोरून ऐकतात.

मावशी कोट उसना घेऊन थंड खोलीत गेल्या. काका एका खोक्यावर बसले होते. त्यांनी हातमोजे काढले, पुन्हा घातले.

"मी चोरून ऐकत नाही," ते म्हणाले. "पस्तीस वर्षांत कुणाचं पत्र उघडलं नाही मी."

"मग कुठून ऐकलंत?"

काकांनी दाराकडे एक नजर टाकली.

"हसणार नाही मी."

"भिंतीतून," काका म्हणाले.

मावशी हसल्या नाहीत. त्यांनी वर पाहिलं. दाराच्या वर एक पांढरा, ताटलीएवढा स्पीकर होता. आग लागली, वीज गेली, की वरून सूचना देण्यासाठी बसवलेला.

"त्यातून?"

"त्यातून. मला वाटलं पोरीने चुकून सूचनेचं बटण दाबलं. एकदा बोलली, मग थांबली, मग पुन्हा तेच बोलली. जरा मोठ्याने."

मावशींच्या हातातलं पेन थांबलं. दुसऱ्यांदा मोठ्याने बोलल्याचं फक्त बोलणाऱ्या मुलीला ठाऊक होतं. तिने ते मावशींशिवाय कुणालाही सांगितलं नव्हतं.

"सिस्टरचा आवाज ऐकलात का? 'हॅलो', 'वॉर्ड चार', असं काही?"

"नाही. फक्त पोरीचा."

"तुम्ही हे कुणाला का नाही सांगितलं?"

"काय सांगू? भिंत बोलते म्हणून? आणखी दोन वर्षांत रिटायर होणार आहे मी. वेड्यात काढून नाही जायचं."

मावशी खोक्यावर चढल्या. काकांनी घाईघाईने त्यांना कोपराला धरलं. स्पीकरच्या कडेला, या खोलीतली सगळी यंत्रं नोंदवताना कुणीतरी लावलेली एक पिवळी चिठ्ठी होती. तिच्यावर यंत्राचा नेटवर्कवरचा, आकड्यांचा लांबलचक पत्ता लिहिला होता, आणि पत्त्याच्या शेवटी होता एकेचाळीस.

मावशींनी तो आकडा वहीत लिहिला. मग तडक हॉस्पिटलला जाऊन त्या वॉर्ड चारच्या टेबलाशी थांबल्या. तिथला फोन उचलून उलटा केला. खाली तशीच पिवळी चिठ्ठी होती. तोच पत्ता, पहिल्या आकड्यापासून शेवटापर्यंत. एकेचाळीस.

५

हॉस्पिटलचा नेटवर्क सांभाळणारा अभियंता पस्तिशीचा होता. नम्र, नीटनेटका, आणि दोन दिवस न झोपल्यासारखा दिसणारा. त्याच्या खोलीत यंत्रांची घरघर होती. टेबलावरच्या फोनवर त्याचा नंबर ठळक अक्षरांत चिकटवलेला होता: आठशे बारा.

"दोन वेगळ्या यंत्रांना एकच पत्ता कसा?" मावशींनी विचारलं.

"त्यात चूक काही नाही," तो म्हणाला. "आतल्या वापराचे पत्ते कुणीही स्वतःच ठरवतो. हॉस्पिटलने ठरवले, लॅबने ठरवले. योगायोगाने दोघांनी तीच मालिका घेतली. बहुतेक सगळे तीच घेतात. जोडलं नव्हतं तोवर बिघडत काहीच नव्हतं."

"आणि जोडल्यावर?"

"म्हणून तर मध्ये एक पेटी बसवलीय." त्याने कपाटातल्या एका चपट्या यंत्राकडे बोट दाखवलं. "असं समजा, दोन गल्ल्या आहेत. दोन्हींत एक ते शंभर नंबरची घरं. ही पेटी म्हणजे मधला पोस्टमन. इकडून तिकडे जाणाऱ्या पाकिटावर तो 'वरची गल्ली' किंवा 'खालची गल्ली' असं लिहितो. मग गोंधळ होत नाही."

"साधं पत्र असेल तर नाही होत," मावशी म्हणाल्या. "पण फोनचं पत्र साधं नसतं. पाकिटावर पत्ता असतो तो असतोच, शिवाय आतल्या कागदावरही फोन लिहितो, 'माझ्याशी बोलायचं तर आवाज या घरी पाठवा.' पोस्टमनने नुसतं पाकीट बदललं आणि आतला कागद तसाच ठेवला, तर?"

अभियंत्याने त्यांच्याकडे जरा निरखून पाहिलं. "तुम्हाला माहीत आहे म्हणजे."

"थोडंफार."

"ही पेटी आतला कागदही उघडून बदलते. हे बघा." त्याने पडद्यावर दोन चौकोन दाखवले. एक हॉस्पिटलकडून जाणाऱ्या कागदांसाठी, एक लॅबकडून येणाऱ्या कागदांसाठी. दोन्हींत बरोबरच्या खुणा होत्या. "दोन्ही चालू आहेत."

"मंगळवारीही होत्या?"

"हो."

"कुणी हात लावला होता?"

"नाही." हे उत्तर जरा लवकर आलं. "मी सोडून कुणाला परवानगीच नाही."

मावशींनी मंगळवारी दोन्ही इमारतींत झालेल्या सगळ्या फोनची यादी मागितली. त्याने ती छापून दिली. देताना कागद त्याच्या हातून निसटला आणि त्याने वाकून उचलला.

घरी येऊन मावशींनी यादी स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरली. पेन्सिल घेऊन फक्त हॉस्पिटल आणि लॅब यांच्यातले फोन वेगळे केले. सकाळी सगळं ठीक होतं: दोन मिनिटं, तीन मिनिटं, एक मिनिट. अकरा वाजून पन्नास मिनिटांनंतर चित्र पालटलं. सात सेकंद. नऊ सेकंद. पुन्हा त्याच नंबराला पाच सेकंद. माणूस फोन उचलतो, हॅलो म्हणतो, काही ऐकू येत नाही, ठेवतो. पलीकडचा पुन्हा लावतो. त्या सगळ्यांमध्ये लांब असा एकच फोन होता, अठ्ठेचाळीस सेकंदांचा.

एक वाजून पाच मिनिटांनंतर सगळे फोन पुन्हा दोन-तीन मिनिटांचे झाले होते.

मावशींनी पेन्सिल त्या रेषेवर आडवी ठेवली. आपोआप झालेला बिघाड आपोआप बरा होतो कधीकधी. पण हा बरा व्हायच्या दोन मिनिटं आधी, एक वाजून तीन मिनिटांनी, लॅबच्या स्वागतकक्षातून हॉस्पिटलला एक फोन गेला होता. सहा सेकंदांचा. त्या मुक्या फोनांतला शेवटचा. तो कुणाला गेला होता, हे त्यांनी समोरच्या रकान्यात पाहिलं.

आठशे बारा.

६

शुक्रवारी सकाळी चौकशीआधी अधीक्षिका, मावशी आणि बर्फकाका थंड खोलीत उभे होते. अधीक्षिकांनी दोन कोट एकावर एक चढवले होते. वर टेबलाशी तंत्रज्ञ मुलगी बसली होती, वॉर्ड चारच्या फोनशी सिस्टर. अभियंत्याला मावशींनी एकच काम दिलं होतं: हॉस्पिटलकडून जाणाऱ्या कागदांची खूण काढ आणि खोलीतच थांब.

दहा वाजले. स्पीकरमधून एक बारीक टक असा आवाज आला, आणि मग स्वच्छ, जवळून: "हॅलो. मी लॅबमधून बोलतेय. एक, दोन, तीन, चार, पाच."

काकांनी डोळे मिटून घेतले. "आता तरी ऐकलंत ना?" ते म्हणाले.

तासाभराने सगळे अधीक्षिकांच्या खोलीत बसले होते. नणंद एका टोकाला, भावजय दुसऱ्या टोकाला. मध्ये बर्फकाका. दाराशी अभियंता. मावशींनी मुद्दाम आणखी एकीला बोलावलं होतं: सुताराची मुलगी, जी तीन दिवस अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर बसून होती.

"दोघींपैकी कुणीच खोटं बोललं नाही," मावशी म्हणाल्या. "मंगळवारी मधली पेटी एकाच बाजूचा कागद बदलत होती. लॅबचा कागद हॉस्पिटलला नीट पोचला, म्हणून सिस्टरचा आवाज लॅबमध्ये ऐकू गेला. पण हॉस्पिटलच्या फोनने उत्तरात लिहिलं, 'माझ्याशी बोलायला एकेचाळीस नंबरला आवाज पाठवा.' तो कागद बदलला गेलाच नाही. लॅबच्या फोनने आज्ञा पाळली. आपल्याच इमारतीतला एकेचाळीस नंबर शोधला आणि त्याच्याकडे आवाज पाठवला. लॅबमधला एकेचाळीस नंबर म्हणजे थंड खोलीतला स्पीकर. त्याचं कामच मुळी आलेला आवाज मोठ्याने बोलून दाखवण्याचं."

"म्हणजे हिला ऐकूच गेलं नाही," तंत्रज्ञ मुलगी सावकाश म्हणाली. तिने तीन आठवड्यांत पहिल्यांदा वहिनीकडे सरळ पाहिलं. "पण तू 'हो, बंद करते' म्हणालीस. मी ऐकलं."

"मी नाही म्हटलं," सिस्टर म्हणाली.

"म्हणालात," सुताराची मुलगी मध्येच बोलली. सगळे तिच्याकडे वळले. तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "तुम्ही फोन खांद्यात धरला होता. बाबांना थंडी वाजत होती. मी म्हटलं, सिस्टर, वरचा पंखा बंद कराल का? तुम्ही म्हणालात, 'हो, बंद करते.' आणि फोन ठेवून पंखा बंद केलात."

सिस्टरने तोंडावर हात ठेवला. तिला ते आठवत नव्हतं. दिवसातून पन्नास वेळा ती असं काहीतरी म्हणत असे. आता मात्र पंख्याचं बटण, सुताराच्या अंगावरची चादर, सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं.

अधीक्षिकांनी कागद सरळ केले. "म्हणजे यंत्राचा दोष."

"यंत्राने सांगितलं तेच केलं," मावशी म्हणाल्या. "त्याला कुणी सांगितलं, तेवढं राहिलंय."

त्यांनी यादी टेबलावर ठेवली. "अकरा पन्नासला बिघाड सुरू झाला, एक पाचला संपला. एक वाजून तीन मिनिटांनी लॅबच्या स्वागतकक्षाने एका नंबराला फोन केला. तो उचलणाऱ्यालाही काही ऐकू आलं नाही. पण त्या माणसाने इतरांसारखं नुसतं हॅलो म्हणून सोडून दिलं नाही. त्याला कारण कळलं, आणि दोन मिनिटांत सगळं ठीक झालं. हे कारण फक्त एकाच माणसाला कळू शकत होतं. ज्याने खूण काढली होती त्याला."

कुणी अभियंत्याकडे पाहिलं नाही. त्यामुळे त्यालाच बोलावं लागलं.

"फोन तुटत असल्याच्या तक्रारी होत्या," तो म्हणाला. "पेटीवर फार ताण येतोय का, ते बघायला मी एक खूण काढली. जेवायच्या वेळी फोन कमी असतात असं वाटलं. स्वागतकक्षाचा मुका फोन आला तेव्हा लक्षात आलं काय होतंय, लगेच परत लावली. पंचाहत्तर मिनिटं. कुणाला काही झालं नाही असं मला वाटलं. संध्याकाळी सुताराचं कळलं."

"मग सांगायचं," अधीक्षिका म्हणाल्या.

"मंगळवारी खात्री नव्हती. बुधवारी खात्री झाली, तेव्हा सिस्टरला घरी बसवलेलं होतं. मग रोज वाटायचं, आज सांगू. आणि रोज ते सांगणं आदल्या दिवसापेक्षा अवघड झालेलं असायचं." त्याने सिस्टरकडे पाहिलं. "तुम्ही दोघी एकमेकींशी बोलत नाही, असं सगळे म्हणत होते. मी त्याच्या आड लपलो."

सिस्टर अधीक्षिकांकडे वळली.

"माझंही एक लिहून घ्या," ती म्हणाली. "मुका फोन लॅबचा होता, हे मला दिसलं होतं. मी उलटा फोन करायला हवा होता. नाही केला. कारण रागात होते."

मावशी खिडकीबाहेर बघू लागल्या. हे कोडं उलगडायला त्यांची गरज होती. पण हे शेवटचं वाक्य त्यांच्या वहीत असूनही त्या ते वाचून दाखवणार नव्हत्या.

७

सिस्टरला कामावर परत घेतलं, लेखी समज देऊन. अभियंत्याने स्वतःहून सगळं लिहून दिलं. त्याची नोकरी राहिली, पण पेटीच्या किल्ल्या दुसऱ्याकडे गेल्या. त्याच्यावर आलेलं पहिलं काम म्हणजे लॅबमधल्या एकशे सहा यंत्रांचे पत्ते बदलणं. नवी मालिका, हॉस्पिटलपेक्षा वेगळी. तो खोलीखोलीत फिरून चिठ्ठ्या लावत होता, आणि थंड खोलीत बर्फकाकांनी त्याला आपला दुसरा कोट दिला. न मागता.

लॅब आणि वॉर्ड यांच्यात एक नियमही आला. ज्याला निरोप मिळाला, त्याने तो आकड्यासकट परत म्हणून दाखवायचा. त्याआधी फोन ठेवायचा नाही.

रविवारी सुताराला पुन्हा साध्या वॉर्डात आणलं. सिस्टर ड्यूटी संपवून, साध्या कपड्यांत त्याच्या पलंगाशी आली. तिला त्याला सांगायचं होतं. पेटीचं आणि पत्त्यांचं तर त्याच्या मुलीने त्याला सांगितलंच होतं. तिला सांगायचा होता तो न केलेला फोन.

ती स्टूल ओढून बसली, तेव्हा तिच्या मागे कुणीतरी दुसरं स्टूल ओढलं. नणंद. लॅबचा पांढरा कोट अजून अंगात होता. बोलावलं नव्हतं, विचारलं नव्हतं. ती नुसती बसली.

सिस्टरने सगळं सांगितलं. नणंदेने मध्ये एकदाच तोंड उघडलं: "मीही तिला वहिनी म्हणाले नाही. नुसता निरोप फेकला आणि 'हो' ऐकून सुटले. नाव घेतलं असतं, तर तीही काहीतरी बोलेल म्हणून थांबले असते. मग कळलं असतं."

सुतार छताकडे बघत ऐकत होता. त्याचे जाडे, चिरा पडलेले हात चादरीवर होते.

"आमच्यात दोघांनी मिळून एक दार केलं," तो शेवटी म्हणाला, "आणि दोघांच्या मोजपट्ट्या वेगळ्या निघाल्या, तर दार बसत नाही. मग दोघंही म्हणतात, माझं माप बरोबर." तो थोडा थांबला, दम घेतला. "तुमच्यावर मी रागावलो होतो. तीन दिवस. आता नाही."

शेजारच्या पलंगावर कुणीतरी वर्तमानपत्राची घडी उलगडत होतं.

"माझं ते आज किती आलं?" सुताराने विचारलं. "ते वाढलेलं?"

"चार पूर्णांक दोन," नणंद म्हणाली. सकाळी तिनेच तपासलं होतं.

"चार पूर्णांक दोन," सिस्टर लगेच म्हणाली. गेल्या दोन दिवसांत ती सवयच झाली होती.

"म्हणजे बरं की वाईट?"

"बरं," दोघी एकदम म्हणाल्या.

सुताराने मान हलवली आणि डोळे मिटले. दोघी थोडा वेळ तशाच बसल्या. मग सिस्टर उठली, तिने दोन्ही स्टुलं पलंगाखाली सरकवली, आणि दाराशी जाऊन थांबली.

"चल," ती म्हणाली. "आईंच्या डोळ्याची तारीख विचारायचीय. दोघी मिळूनच विचारू."